घट

एकतीस वर्षं मी तिला रोज नऊदा ठोकलं.
साडेदहाला पहिला टोल, पाचला लांबलचक शेवटचा,
आणि कुणी गेलं तर एकच, मध्येच.
मग शाळेच्या भिंतीवर बटण आलं.
ते आपलं आपण वाजतं, रविवारीसुद्धा.
हेडबाई म्हणाल्या, उईकेदादा, तशीही तडकलीय ती,
मोडीत घाला आणि पावती आणा.

सायकलच्या कॅरियरवर पोत्यात बांधली.
गड्डीगोदामपासून हंसापुरीपर्यंत
प्रत्येक खड्ड्यात ती आतल्या आत काहीतरी पुटपुटली.
भंगारवाला वाटेतच होता.
मी पायडल मारत राहिलो.

डोमाजी ओताऱ्यानं तिला दोरीला टांगलं,
बोटाच्या पेरानं एकदा वाजवलं
आणि कान लावला, डॉक्टर छातीला लावतात तसा.
"भेगेले टाका चालत नाही, बावा.
वरून शिवता येते, पण आवाज गळते.
फोडाच लागते."
फोडा, म्हटलं,
आणि बोळीत जाऊन उभा राहिलो.

उन्हाळ्यात त्याची भट्टी पहाटे तीनला लागते,
नागपूरचा मे अंगावर यायच्या आत.
पेटवणाला संत्र्याची वाळली सालं,
रसवाला पोतं भरून बाजूला ठेवतो त्याच्यासाठी.
वर गोवऱ्या, वर कोळसा.
सालं तडतडली, निळी झाली,
सगळ्या बोळीला वाटलं कुणाकडे पाहुणे उतरलेत.

साच्याची माती कन्हानची. कधी आणली?
"माह्या बापानं."
तेव्हापासून तीच फोडायची, कुटायची, चाळायची,
पुन्हा भिजवायची.
तिच्यात कुलरची जुनी खस, कातरून बारीक,
म्हणजे भाजताना साचा फाटत नाही.
साच्यातून गळणारं मेण परातीतल्या पाण्यात झेलायचं.
किती घंटा गेल्या असतील या मेणातून?
"मोजल्या नाही," तो म्हणाला. "मेण बी सांगत नाही."

त्याची पोरगी निर्गुणा संध्याकाळी जमीन झाडते,
केरातून लोहचुंबक फिरवते.
लोखंड चिकटतं, ते वेगळ्या डब्यात.
उरलेली धूळ धुऊन, निथळून, मुठीएवढा कीस
पुढच्या मुशीसाठी.
चकाकीला चिंचेचा कोळ आणि त्याच भट्टीची राख.
मागं एक बाई आल्या होत्या, वही घेऊन,
सगळं लिहून घेतलं, मग विचारलं,
काही वाया घालवायचं नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं?
"गरिबीनं," निर्गुणा आतूनच बोलली,
"आता तुमी त्याले मोठं नाव देऊन ऱ्हायल्या."

धातू ओतताना कुणी बोललं नाही.
मी पाहिलं तेव्हा माझी घंटा लाल नव्हती,
पिवळीही नव्हती, वितळलेल्या धातूला
पाहण्याचा रंग असावा तसा काहीतरी होता.

एक्केचाळीस घुंगरं झाली.
तान्ह्या पोळ्याला पोरांच्या लाकडी बैलांच्या गळ्यात बांधायची.
एकाचा सूर दुसऱ्याशी जुळत नाही,
डोमाजी म्हणाला, जुळला तर बैल हरपतात.

मी तराजू मागितला. शाळेची सवय,
सामान मोजून द्यायचं, मोजून घ्यायचं.
आली तेव्हा तीन किलो चारशे.
घुंगरं, नळीतला तुकडा, मुशीच्या कडेचा थर, कीस,
सगळं मिळून पंच्याण्णव ग्रॅम कमी.
कुठं गेले?
"घट," तो म्हणाला. "भट्टीचा वाटा."
मी म्हटलं, पाहा ना, सांडलं असेल कुठं.
त्यानं पाहिलं. माझ्यासाठी पाहिलं, मला कळलं.
निर्गुणानं पुन्हा झाडू घेतला.

परतताना पोतं हलकं होतं
आणि मला आठवत होता तो एकच टोल,
चौथीतली पुष्पकला गेली त्या दिवशीचा,
जो मी फार हळू मारला होता,
मागच्या वर्गाला तो ऐकूच गेला नाही.

पावती कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर आहे.
घंटा एक. घुंगरू एक्केचाळीस. घट पंच्याण्णव ग्रॅम.
हेडबाईंनी ती फाइलला लावली
आणि घट या शब्दाखाली
पेन्सिलीनं एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं.
ते अजून तसंच आहे.